ढोलीतून ऐकू येतं ते

"धनेश अजून यायचाय, आणि तुझी व्हायोलिनं त्याला उतरवून घ्यायला स्टेशनवर पोचलीसुद्धा," ताई म्हणाली आणि तिनं बटण दाबून चित्र थांबवलं.

पडद्यावर नुसता झाडाचा बुंधा होता. बुंध्यात एक उभी चीर, चिरेतून बाहेर आलेलं चोचीचं टोक, बस्स. आणि एवढ्याशा त्या चोचीमागे आत्ता आत्तापर्यंत चाळीस वाद्यांचा असा गजर चालला होता, की एडिटरनं गळ्यातला मफलर कानांवर ओढून घेतला होता. संकलनाची ती खोली म्हणजे बिनखिडकीचा लांबट डबा. यंत्रं तापू नयेत म्हणून ती इतकी गार ठेवायचे, की एडिटर बारा महिने मफलरमध्ये असायचा. आता मफलर खाली घेऊन तो म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड झालाय जरा."

"जरा?" ताई म्हणाली.

संगीतकार खाली मान घालून बसला होता. तो ताईचा धाकटा भाऊ. केस पिकले तरी ताई त्याला छोट्याच म्हणायची, आणि धंद्यात त्याला सगळे बिस्किटवाला म्हणायचे. ऐन उमेदीत त्यानं एका बिस्किटाच्या जाहिरातीची चाल बांधली होती. ती पोराटोरांच्या तोंडी अशी काही बसली की आईबापांनी कानांत बोळे घातले. मग साबण आला, पंखे आले, केसांचं तेल आलं, सिमेंट आलं. सिमेंटची गोणीसुद्धा गुणगुणायला लावेल असा माणूस, ही त्याची ख्याती. त्या धंद्याचा नियम एकच: पुडा दिसायच्या आधी आनंद ऐकू आला पाहिजे. गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ दिला की संपलं. इतकी वर्षं हा नियम पाळून त्याचा हात तसाच वळला होता. चांगलं काही घडणार असेल, तर हात दोन पावलं आधीच तिकडे धावायचा.

ताईचा हिशेब नेमका उलटा. तिनं जन्मात कोणाला काही विकलं नव्हतं. ती जंगलात मचाणावर कॅमेरा लावून बसायची आणि वाट बघायची. गेली काही वर्षं तिनं धनेश पक्ष्याच्या एका जोडीवर घालवली होती. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, चिखलानं आणि विष्ठेनं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते, आणि चोच जाईल एवढी चीर तेवढी मोकळी ठेवते. आत तिची पिसं गळून पडतात. अंडी, मग पिल्लं, आणि सगळा अंधार. बाहेरून नर फळं आणतो आणि एकेक करून चिरेतून भरवतो. तो आला तर जेवण, नाही आला तर नाही. फिल्मच्या मध्यावर एक दिवस तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी त्याचा पत्ता नव्हता. त्या भागात शिकारी फिरत होते, ते ताईला माहीत होतं. चोचीचं टोक मात्र चिरेतून हललं नाही. मग उन्हं उतरताना तो आला. शेपटीचं एक पीस मोडलेलं होतं, पण आला.

"मी तिथे बसले होते तेव्हा मला ठाऊक नव्हतं तो येणार की नाही," ताई म्हणाली. "बघणाऱ्यालाही ते कळता कामा नये. आणि तुझं संगीत पहिल्याच सुराला सांगून मोकळं होतं, की मंडळी, काळजी नको, येतोय."

"पुन्हा करतो."

"तिसऱ्यांदा करतोयस." तिनं चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघ, वाहिनीवाल्यांकडे तयार संगीताचा साठा असतो. त्यातलं लावा म्हणतायत. सोमवारपर्यंत तुझं जमलं तर तुझं, नाहीतर मी त्यांचं घेते. वाईट वाटून घेऊ नकोस, छोट्या."

वाईट वाटून घेऊ नकोस असं म्हटलं की माणसाला जेवढं वाईट वाटतं, तेवढं चार शिव्यांनी वाटत नाही. त्यातून हे काम त्यानं मागून घेतलं होतं. ताई नको म्हणत होती, तुझ्या जाहिराती सांभाळ म्हणत होती. पण ताईसाठी काही करावं असं त्याच्या मनात फार वर्षं होतं, आणि करता येण्यासारखं त्याच्याजवळ हे एवढंच होतं.

कारण त्याचं संगीतच ताईमुळे होतं. सोळा-सतरा वर्षांचा असताना चेंडू काढायला तो शेजारच्या छपरावर चढला आणि छपरासकट खाली आला. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर, आणि जवळजवळ वर्षभर पाठीवर. आई आधीच गेलेली. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिन्यातून कधीतरी उगवायचे. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. ताई त्याच्याहून थोडीशीच मोठी, पण एका फोटो स्टुडिओत कामाला लागलेली. सकाळी ती त्याच्या हाताशी पाणी, पाव आणि लघवीचं भांडं ठेवून जायची आणि संध्याकाळी यायची. येताना काहीतरी आणायची. कधी फाटकं मासिक, कधी वाया गेलेल्या फोटोंची गंमत, आणि एकदा तिनं चक्क एक छोटा कीबोर्ड आणला. स्टुडिओत लहान मुलांना पोझ द्यायला बसवायचे, त्यांच्यापुढे ठेवायचा तो. त्याच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. त्या दोघींना चुकवत चुकवत तो छातीवर कीबोर्ड ठेवून वाजवायला शिकला. पुढचं सगळं, बिस्किटापासून सिमेंटापर्यंत, तिथून आलं. याबद्दल तो ताईला कधी एका शब्दानं बोलला नव्हता. भावाबहिणीत आभार मानायचे म्हणजे पाहुण्यासारखं वाटतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून ठेवली होती. खरं तर त्याला लाज वाटायची.

घरी येऊन तो कामाला बसला. त्याची कामाची खोली म्हणजे घरातली मागची खोली. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले आणि दाराला आतून गादी. त्यानं चाळीसची बारा वाद्यं केली, बाराची चार. सूर उदास केला, तर चोच बिचारी रडवेली दिसायला लागली, आणि ती मुळीच रडवेली नव्हती. संगीत काढूनच टाकलं, तर वाटलं स्पीकर गेला. काहीही करा, नर येण्याच्या जरा आधी त्याचा हात आपोआप वर चढायचा. एकदा तर त्यानं पडद्यावर टॉवेल टाकून वाजवून बघितलं. तरी हाताला सगळं पाठ. आपल्याला शेवट माहीत आहे आणि तो आता विसरता येणार नाही, इथे सगळं घोडं अडलं होतं.

शनिवारी सकाळी बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घेऊन खोलीत आली. पडद्यावर तीच चीर होती आणि तेच टोक. बायको घड्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"कालपासून अशीच आहे ती?"

"हो."

"आणि तो?"

"तो आला नाही अजून."

"अगंबाई." बायकोनं कपडे त्याच्या साउंड मिक्सरवर ठेवले. एरवी यावरून महाभारत झालं असतं. "मग आला का शेवटी?"

संगीतकार तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या तोंडावर जी काळजी होती, ती त्याला इतके दिवस कुठल्याच सुरात सापडत नव्हती.

"सांगत नाही," तो म्हणाला.

"सांगत नाही म्हणजे? त्या बिचारीला आत कोंडून ठेवलंय आणि सांगत नाही काय? हद्द झाली तुझी!" बायको चिडून कपडे घेऊन गेली. त्यानं लगेच फोन उचलला आणि चेलोवाल्या बाईंना लावला.

चेलोवाल्या बाई वाद्यवृंदात वाजवायच्या आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवायच्या. शिस्तीच्या अशा, की रेकॉर्डिंगला येताना स्वतःची उशी, स्वतःचा पाण्याचा फ्लास्क आणि स्वतःची पेन्सिल घेऊन यायच्या. तीस वर्षांत त्यांचा सूर कधी उशिरा आलेला कोणी ऐकला नव्हता. रविवारी दुपारी त्या भाड्याच्या स्टुडिओत येऊन बसल्या. काचेपलीकडे यंत्रावर एडिटर बसला होता. चित्र घेऊन तो आला होता, आणि इथे उकडत असतानाही मफलर होताच.

संगीतकारानं बाईंपुढे तीन कागद ठेवले. "हे वाट बघण्याचे सूर. थोडेच आहेत, हवे तसे फिरवा. हा दुसरा कागद, तो आला तर. आणि हा तिसरा, नाही आला तर."

"येतो की नाही?"

"ते सांगणार नाही."

"बिस्किटवाले, मी तालमीशिवाय वाजवत नाही."

"तालीम केली की तुम्हालाही माझ्यासारखं कळेल. फक्त तिच्याकडे बघा आणि वाजवा. तुम्हाला जेवढं दिसेल तेवढंच वाजवायचं, त्याच्या पुढचं नाही."

"म्हणजे माझी परीक्षा," बाई म्हणाल्या आणि उशी सरळ करून बसल्या.

काचेपलीकडे एडिटरशेजारी जाऊन त्यानं दिवे मंद केले. समोरच्या पडद्यावर चीर आली, चोच आली. बाईंनी गज टेकवला. सुरुवातीला त्या कागदाकडे बघत होत्या, मग हळूहळू बघेनाशा झाल्या. सूर खालचे, तुटक. एक सूर यायचा, थांबायचा, जणू कान देऊन ऐकायचा, मग दुसरा यायचा. वाऱ्यानं फांदी हलली की गज दचकायचा. दुसराच कोणी पक्षी आडवा गेला, तेव्हा बाईंचा सूर चटकन वर उचलला गेला आणि पुन्हा खाली बसला. चोच होती तिथेच होती. पण संगीतकाराला पहिल्यांदाच चोचीमागचा अंधार दिसायला लागला, त्यातली ती दिसायला लागली, पिसं गळलेली, भुकेली आणि जागी. इतके दिवस चित्रात बुंधा होता, आता बुंध्याच्या आत कोणीतरी होतं.

आणि मग नर आला. मोठाले पंख फडफडवत येऊन बुंध्याला बिलगला, मोडकं पीस घेऊन.

बाईंचा गज थांबला.

नुसता थांबला. बाई तोंड उघडं ठेवून पडद्याकडे बघत होत्या. नरानं मान वाकवली, चोच चिरेला भिडली, पहिलं फळ आत गेलं, तरी चेलोचं नाव नाही. मग बाईंना एकदम भान आलं. दुसरं फळ जाता जाता त्यांनी आलेल्याचा सूर धरला, आधी कापरा आणि मग भरून.

"वरातीमागून घोडं," एडिटर पुटपुटला.

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या होत्या. "माफ करा हं. मी बघतच राहिले. असं कधी होत नाही माझ्याकडून. पुन्हा घेऊ."

संगीतकारानं बोलायच्या बटणावर बोट ठेवलं. घेऊ या म्हणणारच होता. पण त्यानं बटण दाबलं नाही. ती मधली जागा, तो येऊन पोचलेला आणि सूर अजून न आलेला, ती त्याच्या ओळखीची होती. डोक्याला आठवेना, पण अंगाला आठवत होती.

"एकदा परत ऐकव," तो एडिटरला म्हणाला.

त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि त्याला जिना ऐकू आला. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पडल्या पडल्या तो दिवसभर जिनाच ऐकायचा. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची काठी, पोरांच्या उड्या, दूधवाल्याच्या चपला. संध्याकाळी ताईची पावलं लागायची, ती हजारांत ओळखू यायची. पावलं चढत चढत शेवटच्या वळणावर यायची आणि तिथे थांबायची. रोज. दार दहा-बारा पायऱ्यांवर आलेलं असताना थांबायची. काही आवाज नाही. तो श्वास धरून पडायचा. आता ही माघारी फिरणार, असं त्याला दर वेळी वाटायचं. मग पावलं पुन्हा सुरू व्हायची, दार ढकललं जायचं, आणि ताई हसत आत यायची.

"पुन्हा नाही घ्यायचं," संगीतकार बटण दाबून म्हणाला. "हेच राहू दे."

"अहो, माझी चूक आहे ती! नाव माझं जाणार आहे त्यावर!"

"बाई, पाया पडतो तुमच्या. हेच राहू दे."

बाई त्याच्याकडे रोखून बघत राहिल्या. मग त्यांनी चेलो पेटीत ठेवला आणि नाक फुगवून म्हणाल्या, "पण मला सगळी फिल्म दाखवायची. पिल्लं जगली की नाही, ते कळल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

सोमवारी सकाळी ताई त्या गारठलेल्या डब्यात येऊन बसली. वाहिनीचं तयार संगीत एडिटरनं शेजारी काढून ठेवलंच होतं. ताईनं चष्मा लावला आणि सुरू कर अशी मान हलवली.

चीर आली. सूर आले, तुटक, कान दिलेले. ताई हात बांधून बसली होती. ती ऐकताना कधीच काही दाखवायची नाही, मचाणावरची सवय. संगीतकार पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होता. आडवा गेलेला पक्षी आला आणि गेला, तेव्हा तिचे बांधलेले हात सुटले. मग नर आला आणि सगळं गप्प झालं. पहिलं फळ आत गेलं. ताई खुर्चीत पुढे झाली. दुसऱ्या फळाला चेलो आला.

चित्र संपलं, तरी तिनं बटण दाबलं नाही. पडदा आपोआप काळा झाला.

"तू जरा चहा सांगून ये," ती एडिटरला म्हणाली.

"फोन आहे की इथे," एडिटर म्हणाला, मग तिचा चेहरा बघून उठला आणि मफलर सावरत बाहेर गेला.

"तो आल्यावर मध्ये एवढी जागा कोणी ठेवली?"

"कोणी ठेवली नाही. बाई बघता बघता वाजवायच्या विसरल्या."

"मग परत का नाही घेतलं? तू तर असा नाहीस. तुला आनंद आधी लागतो."

संगीतकारानं टेबलावरची वायर सरळ केली, पुन्हा वाकडी केली. "तू जिन्यात थांबायचीस ना," तो म्हणाला. "वरच्या वळणावर. रोज थांबायचीस. तेवढीच जागा आहे ती."

ताईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. यंत्रांचा पंखा तेवढा घोंगावत होता.

"तुला ऐकू यायचं?" तिनं शेवटी विचारलं.

"प्लास्टरमध्ये मला दुसरं काय काम होतं?"

"मी तर पाय न वाजवता थांबायचे."

"तेच ऐकू यायचं."

ताई हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "अरे, दिवसभर त्या स्टुडिओत लोकांना हसा, हसा म्हणायचं. मग बस, मग बाजार, मग जिना. त्या वळणावर पिशवी खाली ठेवायचे आणि रडून घ्यायचे. मग तोंड पुसायचं, नीट करायचं आणि दार ढकलायचं. त्याच वर्षी जंगलात जाणाऱ्या एका तुकडीनं मला मदतनीस म्हणून बोलावलं होतं. तुला सांगितलं नाही मी. येते म्हणाले असते तर गेले असते."

"मला रोज वाटायचं," तो म्हणाला, "आता तू परत जाणार."

"मलाही वाटायचं," ताई म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. केस पांढरे, मचाणावर बसून बसून मान एका बाजूला कलती झालेली, उन्हानं रापलेले हात. जंगलात ती गेली तेव्हा तो चालायला लागून किती वर्षं झाली होती, याचा त्यानं आजवर विचारच केला नव्हता.

"ताई," तो म्हणाला. पाहुण्यासारखं वाटलं तर वाटो. "तू रोज आत आलीस. मी उभा राहिलो, वाजवायला लागलो, पोटापाण्याला लागलो, सगळं तू दार ढकललंस म्हणून. मी कधी बोललो नाही. फार उपकार आहेत गं तुझे माझ्यावर. हे संगीत तू नाही घेतलंस तरी चालेल, पण हे मला एकदा तुला सांगायचं होतं."

"घेतलं," ताई म्हणाली. "गप्प बस आता. घेतलं." तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग पदराआडूनच म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, त्या जिन्यात मी एकटीच असायचे."

दारावर टकटक झाली. एडिटर तीन चहा घेऊन उभा होता, येऊ की नको असं विचारत.

"ये," दोघंही एकदम म्हणाली.